सावकाराची सोयरीक

निंगप्पांनी उभ्या आयुष्यात दोनच कामं केली. मन्नाएखेळ्ळीला हायवेवर भांडी विकली आणि सोयरिकी जुळवल्या. भांड्यांच्या दुकानात लोक यायचे ते स्थळ विचारायला, जाताना लाजेकाजेस्तव एखादी परात घेऊन जायचे. कुठल्या सासूपुढे कुठली सून टिकेल, हे त्यांना तोंडपाठ. आता दुकान पुतण्याकडे गेलं आणि म्हातारबा बिदरला, नौबादेत लेकीकडे राहायला आले. धंदा सुटला, खोड सुटली नाही.

लेक नागरत्ना. चाळिशी ओलांडलेली, नवरा वारलेला. एका खासगी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसायची. मराठीत विचारायचं, कन्नडात समजवायचं आणि दखनीत बोलणी खायची, असा सगळा दिवस. संध्याकाळी घरी येईतो तिचं पार चिपाड झालेलं असायचं. मग ती चहाचा कप घेऊन माशाच्या पेटीपुढे बसायची, कुणाशी न बोलता. तेवढीच काय ती तिची विश्रांती.

पेटीत एकच मासा होता. बेट्टा जातीचा, दुकानवाले त्याला फायटर म्हणतात. दवाखान्यातली राजश्री नोकरी बदलून कलबुर्गीला गेली, तेव्हा पेटीसकट देऊन गेली होती. रंग निळाजांभळा, मागे धोतराच्या सोग्यासारखी लांब शेपटी. त्याचा तोरा बघून निंगप्पांनीच त्याचं नाव सावकार ठेवलं होतं.

"ह्याला एकटाच कामून ठिवलीस गं?" ते रोज विचारायचे.

"एकटाच राहतंय ते, अप्पा."

"एकटं कुणी राहतंय का?"

प्रश्न माशाचा नव्हता, हे नागरत्नाला कळत होतं. अप्पांनी तिच्यासाठी मन्नाएखेळ्ळीचं स्थळ हेरलं होतं. अमृतप्पा नाव, बायको वारलेली, दुकान, शेत, दोन लेकरं, आजारी आई. रविवारी ते लोक तिला बघायला येणार होते. "बसवण्णाला मानणाऱ्या घरात बाईला असं बसवून ठिवत न्हाईत," असं अप्पा अभिमानाने सांगायचे. अभिमान खोटा नव्हता. गावोगावच्या विधवांचे संसार त्यांनी पुन्हा उभे केले होते आणि त्यापायी भाऊबंदांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. अशा बापाला नाही कसं म्हणायचं? नाही म्हणायलासुद्धा अंगात बळ लागतं, आणि तिचं सगळं बळ त्या खिडकीतच संपायचं. म्हणून ती गप्प राहिली. गप्प राहिलेल्या मुलीचा होकार धरायचा, ही तर सोयरीक जुळवणाऱ्यांची जुनी रीत.

शनिवारी ती कामावर गेल्यावर म्हाताऱ्याने सावकारासाठीही स्थळ शोधायला घेतलं. माशांच्या दुकानात काय झालं, ते दुकानदार नागनाथने पुढे तिला हसतहसत सांगितलं. अप्पांनी आधी खाणंपिणं विचारलं.

"शाकाहारी हाय का?"

"मासा हाय अप्पा, मठातला स्वामी न्हाई," नागनाथ म्हणाला. "आन् फायटरजवळ लांब शेपटीचा, रंगीत मासा सोडू नका. दुसरा फायटरच आला, असं वाटतंय त्याला. एका म्यानात दोन तलवारी कशाला? तुमची पेटी बी लहान हाय. सोबत पायजेच तर पाण्यातली गोगलगाय न्या. तळाला राहती, शेवाळ खाती, कुणाच्या वाटंला जात न्हाई."

निंगप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सावकाराला गोगलगाय? शोभेल तरी का? बरोबरीचं रूप, बरोबरीचं घर बघून त्यांनी आजवर सोयरिकी केल्या होत्या. कालचं पोर त्यांना काय शिकवणार! त्यांनी दोन गप्पी मासे निवडले, चांगले रंगीत, पंख्यासारख्या शेपटीचे.

संध्याकाळी नागरत्ना घरात शिरली, तेव्हा अप्पा चहाची गाळणी घेऊन पेटीत कोपरापर्यंत हात घालून उभे होते. एका गप्पीची शेपटी पार कुरतडलेली, तो तळाला आडवा पडला होता. दुसरा कोपऱ्यात दडला होता. सावकार गाल फुगवून येरझाऱ्या घालत होता आणि त्याचाही सोगा फाटला होता.

"हे काय करून ठिवलाव, अप्पा?"

"सोबत आणलो," म्हातारा कसाबसा म्हणाला. "चांगली बघून आणलो."

तिने पर्स टाकली, गाळणी घेतली आणि दोन्ही गप्पी पाण्याच्या पातेल्यात काढले. तळाला पडलेला मेलाच होता. दुसरा जगला. तिला खूप राग यायला हवा होता, पण रागावण्याइतकंही त्राण नव्हतं. ती तिथेच फरशीवर बसली.

"अप्पा, त्या लोकांना उद्या येऊ नका म्हणून सांगा."

"कामून? दुःख किती दिवस धरून बसतीस?"

"दुःख न्हाई, अप्पा. मी दमलेय. त्या घरी सासू, दोन दीर, आल्यागेल्याच्या भाकरी थापण्यात सगळी उमर गेली. हे गेले तवा लई रडले. पर इथं आले, घर शांत झालं, तवा पयल्यांदा मला झोप लागली. आता परत कुणाच्या घरात जायचं बळ न्हाई माझ्यात. घरी आल्यावर कुणाचं तोंड बघू वाटत न्हाई."

निंगप्पांनी ओला हात धोतराला पुसला.

"माझं बी न्हाई?"

तिने लगेच उत्तर द्यायला हवं होतं. ते तिला जमलं नाही. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं काय ते तिचं तिलाच धड ठाऊक नव्हतं. तेवढ्यात म्हातारा फोन घेऊन ओसरीवर गेला. ठरलेली बैठक त्यांनी जन्मात मोडली नव्हती. पलीकडचा माणूस चढ्या आवाजात बोलत होता, ते आत ऐकू येत होतं. अप्पा एवढंच म्हणत राहिले, "व्हय, चूक माझी हाय. पोरीला इचारलो न्हाई."

रविवारी कुणी आलं नाही. अप्पा सकाळीच उरलेला गप्पी परत देऊन आले, येताना पिशवीतून गोगलगाय आणली. "ही शाकाहारी हाय. आपल्यातलीच म्हण," एवढं बोलून त्यांनी ती अलगद पेटीत सोडली. सावकाराने एकदा येऊन हुंगल्यासारखं केलं आणि तो निघून गेला.

संध्याकाळी नागरत्ना चहा घेऊन पेटीपुढे बसली. अप्पा आपलं स्टूल उचलून लांब, दारापाशी जाऊन बसले होते. बाहेर तोंड करून, अगदी गप्प. खोकला आला तेव्हा बाहेर जाऊन खोकून आले. असा शहाणपणा त्यांनी आयुष्यात केला नव्हता.

बऱ्याच वेळाने ते तिकडूनच म्हणाले, "नागू, एक इचारू का?"

"इचारा की."

"ती गोगलगाय बोलत न्हाई, हालत बी न्हाई. उद्या मेली तर कळंल का गं तुला?"

तिचा कप तोंडाशीच थांबला. मग तिने तो खाली ठेवला, ती उठून दारापाशी गेली, आणि अप्पांचं स्टूल त्यांच्यासकट ओढता येईना, तेव्हा त्यांचा हात धरून त्यांना उठवलं.

"कळंल, अप्पा," ती म्हणाली. "हिकडं येऊन बसा. बोललाव तरी चालंल."

ते पेटीजवळ येऊन बसले. तिने आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून त्यांच्यापुढे सरकवला.