मक्याची बादली

नवरा गेल्यापासून नेब्रास्कातल्या त्या कुरणावर आर्डिस एकटीच राहत होती. वासराला पाजून तिच्या एका गायीच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. इतकी रोडावलेली गाय सहसा गाभण राहत नाही, आणि गाभण राहिली नाही, तर हिवाळ्याआधी ती मांसासाठी विकायची, हा तिथला रिवाज. म्हणून आर्डिस रोज बादली वाजवून तिला मका घाली.

"काकू, तुमचा मका दुधात जातोय," शेजारचा डेल्विन म्हणाला. "वासराचं दूध तोडा, गाय आपोआप भरेल. की बादली वाजवली की कुणीतरी धावत येतं, तेच हवंय?"

"तुझ्या हाकेला तरी कोण येतं रे?"

पण दुसऱ्या दिवशी तिने वासरू डेल्विनच्या गाडीत चढवलं. गाय कुंपणाशी हंबरत राहिली. आता तिला नुसतं गवत पुरणार होतं. संध्याकाळी आर्डिस रिकाम्या हातांनीच तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.