खंडेनवमीला पुजलेली तलवार

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे. मला उचलायला याल तर मात्र हाती काही लागायचं नाही. मी लोहाराच्या भात्यासमोर नाही, एका ऑफिसात जन्मले. एका मुलीने संगणकावर माझ्या पात्यावर निळा मोर काढला आणि मला एका ऑनलाइन गेममधल्या बंद पेटीत टाकलं. पैसे भरून पेटी उघडायची. आत काय निघेल ते ज्याचं त्याचं नशीब. मी कोणाला निघणार, याची मलाच भारी उत्सुकता होती.

निघाले ती पुण्यात, नारायण पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत. राजनंदिनी अमरावतीहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेली. धाकटा भाऊ तेजस कॉलेजात. दिवसभर दोघांची तोंडं दोन दिशांना. जेवणं झाली की मात्र एकाच संगणकावर आळीपाळीने खेळायची. "ताई, मोर काढ," तेजस म्हणायचा, की मी म्यानाबाहेर. काय रुबाब होता माझा! परदेशातले खेळाडू मला विकत मागायचे. राजनंदिनीचं उत्तर ठरलेलं, "ही आमच्या दोघांची आहे." पासवर्डही दोघांना ठाऊक होता, इतका तिचा भावावर विश्वास.

एका खंडेनवमीला त्यांची आई कौशल्याबाई आली. पूजेत विळी आणि सुरी मांडून तिने विचारलं, "घरात हत्यार नाई काय रे?" तेजसने हसत मला पडद्यावर उघडलं. माउलीने चेष्टा मानली नाही. पडद्यावर माझ्या मुठीला हळद-कुंकू लावलं, झेंडू ठेवला आणि बजावलं, "पुजलेलं हत्यार उद्यापर्यंत हलवाचं नाही."

संगणक बंद झाला. पण मी त्यात होते कुठे? मी दूरच्या कुठल्याशा सर्व्हरवर, आणि तेजसच्या खिशात फोन. दुपारी गॅलरीत उभं राहून त्याने एका साइटवर मला पणाला लावलं. चक्र फिरवायचं, जिंकलं तर सोन्याची तलवार, हरलं तर हातची गेली. दसऱ्याला ताईला सोनं द्यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. पलीकडे काय असेल, ते बघायची मलाही हौस होती. काटा सोन्याच्या तलवारीला चुकवून चक्राच्या शेजारच्या घरावर थांबला आणि मी परक्याची झाले.

पुढचं मला कळलं ते तेजसने माझ्या नव्या मालकाला लिहिलेल्या विनवणीतून. दसऱ्याला आईने कुंकू पुसलं, राजनंदिनीने खातं उघडलं, तर माझी जागा रिकामी. तिला वाटलं, कोणी चोर शिरला. ती तेजसलाच म्हणाली, "चल, पासवर्ड बदलू. आपल्या दोघांशिवाय कोणाला कळता कामा नये."

तेजस म्हणाला, "ताई, चोर नव्हता. मीच लावली होती पणाला."

तिने पासवर्ड बदलला, आणि त्याला सांगितला नाही.

नव्या मालकाने ती विनवणी वाचून बंद केली. मित्रांनो, मला गंज चढत नाही, माझा मोर अजून निळाच आहे. माझी काळजी करू नका. पण जे दोघांचं आहे, ते एकट्याने कधी पणाला लावू नका. मी कुणाच्या ना कुणाच्या पेटीत सुखात राहीन. पण त्या विनवणीच्या शेवटी लिहिलं होतं, तेजस अजून रोज जेवण झाल्यावर त्या संगणकाशेजारी येऊन बसतो, आणि ताई दिवा मालवून झोपायला जाते.