गाडीच्या तोंडचं नाव

सम्राटनं नवी गाडी घेतली आणि आई सुमनबाईला, लेक अश्विनीला मागं बसवून तो केडगावहून गावाकडं निघाला. मागच्या सीटपुढं स्क्रीन होता. बाहेरचं जे दिसेल ते त्यात दिसायचं. बोट लावलं की गाडीतली बाई गोड आवाजात त्याचं नाव सांगायची. डोंगर, तलाव, डेअरी, कुणाकुणाचे बंगले.

"बया! हिला तर तलाठ्यापरीस जास्त ठावं हाय," सुमनबाई हरखली. "आशू, आपली वस्ती आली बघ. लाव बोट."

अश्विनीनं लावलं.

"महारवाडा," बाई म्हणाली. तेवढ्याच गोड आवाजात.

सम्राटनं कचकन ब्रेक मारला. हे नाव पुसायला सुमनबाईच्या नवऱ्यानं, रखमाजीनं, जन्म घालवला होता. ग्रामसभेत शिव्या खाऊन ठराव करून घेतला, सिद्धार्थनगरची पाटी स्वतः खड्डा खणून रोवली. नातीच्या कानावर ते नाव घरात कुणी कधी पडू दिलं नव्हतं.

"नाव बरोबर आहे का?" स्क्रीननं विचारलं. अश्विनीनं 'नाही' दाबलं.

"धन्यवाद. बहुतेक गाड्यांमधील प्रवाशांनी 'हो' सांगितले आहे."

"कुण्या मुडद्यांनी?" सुमनबाई ओरडली.

शेजारच्या टपरीवर शाळेत सम्राटच्या वर्गात असलेला, वर गावातला गोरक्ष चहा पीत होता. त्यानं उघड्या काचेतून डोकं आत घातलं. झालेलं ऐकून हसला. "आमीच दाबलंय की, मावशे. सिद्धार्थनगर म्हनलं तर पाव्हन्याला घंटा कळत न्हाई. त्यात राग कसला? गाडी लई भारी हाय बाकी!"

"तुझ्या बापाला गाव माघारी काय म्हनतं, ते लिहू का तुझ्या दारावर? पाव्हन्याला लगेच कळंल."

गोरक्षनं डोकं बाहेर काढलं.

वस्तीत गाडी थांबली तशी सुमनबाईनं आयाबायांना हाका मारल्या. "या गं, आत बसा. बोट लावा, 'नाही' म्हना!" पुष्पावती कणकेचा हात पदराला पुसून आत बसली आणि तिनं दाबलं.

"या गाडीचे मत आधीच नोंदवले आहे. एका गाडीचे एकच मत धरले जाते."

"मग दुसरी गाडी आना की," पुष्पावती म्हणाली.

वस्तीत दुसरी गाडी नव्हती. वर गावात मात्र पोर्चा-पोर्चात एकेक उभी होती.

"आवाज बंद करतो मी तिचा," सम्राट पुटपुटला.

"आज्जी," अश्विनीनं विचारलं, "ती म्हणाली ते नाव कशाचं?"

सुमनबाईनं दार उघडलं.

"खाली उतर. हितं बसून न्हाई सांगायची मी."