टपालपेटीपाशी पंचवीस फूट

डॉटच्या कॅफेत खिडकीजवळचं टेबल आमचं होतं. सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहाला चौघं जमायचो: मी, आर्डिस, मर्ल आणि ऑर्व्ह. माझा नवरा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मुलगा दूर अ‍ॅरिझोनात. त्या टेबलावर मी दिवसाचं बोलणं उरकून घ्यायची, घरी गेल्यावर बोलायला कोणी नसायचं.

खेळ युकरचा. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या भागात पोर आधी पत्ते धरायला शिकतं, मग चमचा. दोघादोघांच्या जोड्या, हाती पाच पानं. आर्डिस माझी भिडू. दुसरीपासून आम्ही एका बाकावर बसलेल्या. माझ्या भुवयांवरून तिला कळायचं हुकमाचं पान कुठे आहे ते.

"व्हिल, भुवया खाली," मर्ल म्हणायचा. "चोरी आहे ही."

"तुझ्या भुवयांवर काही लिहिलेलं असतं तर आम्हीही वाचलं असतं," आर्डिस म्हणायची आणि धूर सोडायची.

धूर तिघांचाही होता, फक्त माझा नव्हता. हिरव्या काचेचं रक्षापात्र मधोमध असायचं आणि जिंकलेली पानं त्याला टेकवून ठेवायची पद्धत होती. त्या धुराबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. पण साठी उलटल्यावर दमा जडला. डॉक्टर म्हणाले, त्या टेबलावर बसणं बंद करा. मी ते कोणालाच सांगितलं नाही. खिशात पंप ठेवायची आणि मोरीकडे जाऊन ओढून यायची.

त्याच हिवाळ्यात आमच्या शहराच्या परिषदेने कायदा काढायचं ठरवलं: खानावळीत, कॅफेत सिगारेट बंद. जनसुनावणी ठेवली. नाव सांगायचं, पत्ता सांगायचा आणि तीन मिनिटं बोलायचं. तिघं तिसऱ्या रांगेत बसले होते, विरोध करायला. मीही त्यांच्याच गाडीतून गेले होते.

माझं नाव पुकारल्यावर आर्डिसने कोपराने ढोसलं. "जा, सांग त्यांना दोन गोष्टी."

मी म्हणाले, मला दमा आहे. मला घरी बसायचं नाही, माझ्या माणसांबरोबर पत्ते खेळायचे आहेत. कायदा करा.

मला खरंच वाटलं होतं की कायदा झाला की ते टेबलावर सिगारेट ओढणार नाहीत आणि मी बसू शकेन. झालं. त्यापुढे काय होईल हे मनातही आलं नाही.

परतताना गाडीत ऑर्व्ह म्हणाला, "व्हिल, आधी आम्हाला सांगायचं होतंस. आम्ही खिडकी उघडली असती."

"जानेवारीत?" मी म्हटलं.

"जानेवारीतसुद्धा," आर्डिस म्हणाली. तेवढंच.

कायदा मार्चात लागू झाला. दारापासून पंचवीस फूट लांब जायचं. ऑर्व्ह सुतार, त्याने स्वतः फीत लावून मोजलं; ते अंतर थेट रस्त्यावरच्या टपालपेटीपर्यंत भरलं. मग प्रत्येक डावानंतर तिघं कोट चढवून तिथे जायचे आणि मी चौघांची पानं सांभाळत बसायची. हवा स्वच्छ होती, छाती मोकळी होती. काचेतून मी बघायची: मर्ल हातवारे करून काहीतरी सांगतोय, आर्डिस पोट धरून हसतेय.

"काय झालं?" आत आल्यावर मी विचारायची.

"अगं, काही नाही. तिथे असायला हवी होतीस," आर्डिस म्हणायची आणि पानं उचलायची.

एकदा मीही जाऊन उभी राहिले. धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला, मफलर नाकावर घेऊन. मला बघून तिघांनी सिगारेटी पाठीमागे धरल्या, मास्तरीण आल्यासारख्या. बोलणं हवामानावर आलं. पुन्हा गेले नाही.

पुढच्या हिवाळ्यात मर्ल म्हणाला, "शून्याखाली वीस आहे, बाई. पुलापलीकडे शहराची हद्द संपते. तिथल्या गुत्त्यात कोणी कोणाला हटकत नाही." त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं. तिघं तिकडेच खेळायला जाऊ लागले; चौथ्या खुर्चीवर मर्लची बहीण बसू लागली. तिला पत्ते यथातथाच यायचे, पण ती दिवसाला दीड पाकीट ओढायची.

मी डॉटकडे जातच राहिले. आर्डिस रविवारी चर्चनंतर भेटायची. "चाललंय ना?" म्हणायची. मी म्हणायची, चाललंय.

सहा वर्षं गेली. मग अख्ख्या राज्याचा कायदा आला. आता पुलाच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, गुत्त्यातसुद्धा बंद. वर्तमानपत्रात वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कायदा सुरू झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी पावणेदहालाच टेबलावर बसले. चार दालचिनीचे रोल सांगून ठेवले. पत्ते पिसले.

सव्वादहाला आर्डिस आली. एकटीच.

"ते दोघं?"

"मर्लने गॅरेजात टेबल मांडलंय, व्हिल. शेगडीही लावलीय. गॅरेजला कायदा नसतो म्हणे."

"दार उघडं ठेवलं तर मला येता येईल."

आर्डिसने माझ्याकडे पाहिलं. ती माझी भिडू, तिच्या भुवया मलाही वाचता यायच्या. तिथल्या चारही खुर्च्या आधीच ठरलेल्या होत्या: मर्ल, त्याची बहीण, ऑर्व्ह आणि ती.

"वाट दोघींचे," ती म्हणाली.

दोघींत युकर म्हणजे नुसता वेळ घालवणं, तरी मी पाच-पाच पानं वाटली. तीन डाव झाले. आम्ही हसलोसुद्धा, मर्लच्या भुवयांवरून. चौथ्या डावाला तिची बोटं टेबलाच्या कडेवर नाचू लागली. ती खिडकीबाहेर बघत होती.

"जा," मी म्हटलं. "ओढून ये."

"दोन मिनिटं हं. पानं बघू नकोस."

ती टपालपेटीपाशी उभी राहिली. सावकाश ओढली, विझवली. मग काचेकडे तोंड करून हात वर केला, बराच वेळ तसाच धरला. मीही केला. ती गाडीत बसून मर्लच्या घराच्या दिशेने गेली.

डॉटने येऊन तीन रोल कागदात बांधले. मी आर्डिसची पानं उलटून पाहिली. हुकमाची सगळ्यांत मोठी दोन पानं तिच्याकडे होती; तो डाव तिचाच होता. मी पत्ते गोळा केले, पिसले आणि पुन्हा दोघींचे वाटले, आधी तिचे, मग माझे.