माझं एक टोक चांगुणाबाईंच्या हातात

मी वेटलिफ्टिंगचा बार बोलतोय. दोन्ही बाजूंना गोल प्लेटा अडकवून पोरं डोक्यावर उचलतात ना, त्यातला मधला लोखंडी दांडा. आवाज जरा खणखणीत आहे, तेवढं सांभाळून घ्या. आपटून आपटून तो तसा झालाय.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. अंगावर पॉलिश चढलं आणि डोक्यात हवा शिरली. आपण विमानानं परदेशी जाणार, टीव्हीवर झळकणार, आपल्याला उचलताना भलेभले गडी घामाघूम होणार, अशी माझी खात्रीच होती. प्रत्यक्षात मी सायकलींच्या सुट्या भागांबरोबर ट्रकमधून अणदूर गावच्या शाळेत येऊन पडलो. त्यातही मी मुलींचा बार, म्हणजे मुलांच्या बारापेक्षा बारीक आणि हलका. हे मला इथं आल्यावर कळलं. तोवर मी स्वतःला भीमाचा अवतार समजत होतो.

शाळेनं मला हौसेनं आणलं आणि कोठीत टाकलं. माझ्यावर सतरंज्या वाळल्या. एका स्नेहसंमेलनात रंगमंचाचा पडदा माझ्यावर टांगला, कुणीतरी तो जोरात ओढला आणि मी प्रमुख पाहुण्यांच्या पुढ्यात कोसळलो. तेव्हापासून मला किंचित बाक आहे. खेळाडूंना मैदानावर दुखापत होते, मला ती नाटकात झाली.

मग क्रीडाशिक्षिका म्हणून वर्षाराणी मॅडम आल्या. त्यांनी मला घासलं, तेल दिलं आणि शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. मी छाती फुगवून तयार झालो. मॅडमनी मुलींच्या हातात वेळूच्या काठ्या दिल्या. बसायचं कसं, पाठ ताठ कशी ठेवायची, कोपर कधी वळवायचं, सगळं काठीवर. कितीतरी महिने मी कोपऱ्यात उभा राहून एका वेळूवर जळत होतो.

शेवटी मला पहिल्यांदा हात घातला तो पौर्णिमानं. नववीतली पोरगी. तिची आई चांगुणाबाई दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायच्या आणि शाळा सुटली की पौर्णिमाही त्यांच्याबरोबर वैरणीचे भारे वाहायची. त्यामुळं अंगात ताकद भरपूर, धीर मात्र नावाला नाही. मला वर न्यायची आणि लगेच टाकून द्यायची. वर नेल्यावर पंच ‘खाली’ म्हणेपर्यंत थांबायचं असतं, हे मॅडम रोज सांगायच्या. रोज माझी पाठ शेकायची.

जिल्ह्याच्या स्पर्धा आमच्याच शाळेत ठरल्या. आयोजकांचा नवा कोरा बार वेळेत पोचला नाही, म्हणून माझी वर्णी लागली. इथून पुढं निवड झाली तर पौर्णिमाला क्रीडा वसतिगृह मिळणार होतं, राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. दहावीनंतर शिकायचं तर हाच एक रस्ता आहे, असं मॅडमनी घरी जाऊन सांगितलं होतं. चांगुणाबाई त्या दिवशी कामाला गेल्या नाहीत. सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या रांगेत बसल्या.

संधी तीन. तिन्ही हुकल्या की बाहेर. पहिल्या वेळी पौर्णिमानं मला झटक्यात वर नेलं आणि नेहमीप्रमाणं पंचांच्या आधीच टाकलं. बाद.

दुसऱ्या वेळी ती थांबली. खरंच थांबली. तिचे हात थरथरायला लागले, माझा बाकही नको तिकडं वळायला लागला. तेवढ्यात माझ्या डाव्या टोकाला कुणीतरी धरलं. पाहतो तर चांगुणाबाई, पदर खोचून, दोन्ही हातांनी मला तोलून धरलेलं.

तिन्ही पंचांचे लाल झेंडे वर गेले. बाई चक्रावल्या. पंचांनी समजावलं की दुसऱ्याचा हात लागला तर उचललेलं धरत नाहीत.

बाई म्हणाल्या, “लेकरू वझ्याखाली थरथरायलंय, आन् म्या नुसतं बघत बसू व्हय?”

कुणी हसलं नाही. तिथं बसलेल्या प्रत्येकानं आयुष्यात कुणाच्या ना कुणाच्या भाऱ्याला हात लावलेला होता. वाटेनं जाणारा अनोळखी माणूससुद्धा भारा डोक्यावर चढवून देतो आणि मग पुढं जातो. चांगुणाबाईंचं चुकलं होतं, पण चूक म्हणवत नव्हतं.

आता एकच संधी उरली. मॅडमनी चांगुणाबाईंना नियम सांगण्यात वेळ घालवला नाही. पौर्णिमाच्या चपला, पाण्याची बाटली, डबा आणि दप्तर असं सगळं त्यांच्या दोन्ही हातांत कोंबलं. “एवढं धरा, खाली ठेवू नका,” म्हणाल्या.

पौर्णिमा आली. मला वर नेलं. मी जन्मात पहिल्यांदा हलकं व्हायचा प्रयत्न केला. लोखंडाला ते जमत नाही. तिचे हात थरथरले, पुढच्या रांगेत डब्याचं झाकण खडखडत होतं. ती थांबली. पंच “खाली” म्हणाले, तेव्हाच तिनं मला सोडलं. तिन्ही झेंडे पांढरे.

चांगुणाबाईंनी सगळं सामान खाली ठेवलं, पुढं आल्या आणि वजन उचलायच्या लाकडी फळीच्या कडेशी थबकल्या. पंचांना विचारलं, “सायब, आता लावला तर चालंल का हात?”

पंचांनी मान डोलावली. मला वाटलं, माझ्याविषयीच बोलणं चाललंय. मी ऐटीत पडून राहिलो. बाई मला ओलांडून सरळ पोरीपाशी गेल्या आणि दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला.

पौर्णिमा आता वसतिगृहात आहे. तिथले बार सरळ असतात म्हणे. मी इथंच आहे, नव्या मुली मला धडाधड आपटतात आणि माझा बाक वाढतोच आहे. तुमची लेक मला उचलायला आली तर तुम्हीही खुशाल या, पुढं बसा. ती मला उचलत असेल तेवढा वेळ हात आवरा. मी खाली आलो की मात्र माझ्याकडं बघू नका, आधी तिच्याकडं जा. माझी काळजी नको, मी राहीन पडून.