डॉकखालच्या सावलीतला जिग

मी एक जुना जिग आहे, म्हणजे मासे धरायचं खोटं आमिष. नाव ऐकून गोंधळू नका, मित्रांनो. ज्वारीच्या दाण्याएवढं शिशाचं डोकं, त्यातून निघालेला वाकडा गळ आणि मागे पिसांची शेपटी, एवढाच माझा देह. खाण्यासारखं माझ्यात काहीही नाही. मासोळीचं सोंग घेऊन पाण्यात लोंबकळायचं आणि कुणी फसतंय का ते बघायचं, हेच आयुष्यभर केलं. खरं सांगू? आता कंटाळा आलाय.

माझा जन्म अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या एका तळ्याकाठी, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या शेडमध्ये झाला. त्यांनी शिसं वितळवून साच्यात ओतलं, डोक्याला काळा रंग दिला आणि काळपट हिरवी पिसं दोऱ्याने आवळून बांधली. ते गेल्यावर त्यांच्या मुलांनी घरातल्या जुन्या वस्तू विकायला गराज सेल मांडला आणि आम्ही सगळे डब्यासकट प्रणिताकडे आलो.

प्रणिता अ‍ॅशबर्नला एका डेटा सेंटरमध्ये नोकरी करते. तिच्या मैत्रिणीचं, रीमाचं, तळ्यावर घर आहे आणि घरापुढे पाण्यात गेलेला लाकडी डॉक, म्हणजे खांबांवरचा फळ्यांचा धक्का. ऊन तापलं की क्रॅपी नावाचे मासे त्या डॉकखालच्या सावलीत जाऊन बसतात. तिथे वरून जिग टाकता येत नाही. मग प्रणिता मला चिमटीत धरून गळाची काठी वाकेपर्यंत ताणायची आणि सोडायची. बेचकीतून खडा सुटावा तसा मी पाण्याला घासत फळ्यांखाली आत जायचो. किती वेळा खांबांवर आपटलो त्याला गणती नाही, पण तेव्हा माझं कौतुकही फार व्हायचं. पुढे चकाकी भरलेले रबरी जिग आले आणि मी डब्याच्या तळाशी गेलो. मला फार वाईट वाटलं, पण डब्यात कोण विचारतो?

यंदा प्रणिताचे सासरे, एकनाथराव, भंडाऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले. तिकडच्या तलावांवर त्यांनी जन्मभर गळ टाकून मरळ धरलेली. आता मात्र त्यांचा उजवा हात थरथरतो. घरात सगळ्यांचा त्यांच्यावर जीव, म्हणूनच सगळे त्यांच्या हातातून वस्तू काढून घ्यायचे. चहाचा कप उचलला की मुलगा बुद्धभूषण धावायचा, शर्टाचं बटण लावायला गेले की प्रणिता म्हणायची, "राहू द्या बाबा, मी करते." हळूहळू बाबा तो हात मांडीखाली दाबून बसायला लागले.

परतीचं विमान रविवारी होतं. आदल्या दिवशी बुद्धभूषणला शिफ्ट होती. बाबा सुनेला म्हणाले, "पोरी, एक मासा मले माह्या हातानं धरू दे. मंग जातो."

दोघं डॉकवर आली तेव्हा पाणी पावसाने गढूळ झालं होतं. प्रणिताने चंदेरी जिग लावून पाहिला. कशाचा मासा आणि कशाचं काय! "बाबा, या पाण्यात शायनी काही दिसणारच नाही. डार्क पाहिजे," असं म्हणत तिने डब्याचा तळ उकरला आणि मला बाहेर काढलं. निवृत्त माणसाला पुन्हा कामावर बोलवावं तसं झालं. जरा झोप लागली होती, पण गेलो बापडा.

या वेळी मला फळ्यांखाली आत सोडायचं नव्हतं, गढूळ पाण्यात मासे खांबालाच चिकटून असतात. बाबा डॉकच्या कडेला बसले आणि प्रणिताने मला खांबालगत सरळ खाली सोडलं. "फार खोल नको. हे मासे वर बघत असतात. जिग त्यांच्या डोक्यावरच राहिला पाहिजे."

काठी बाबांच्या हातात होती. तो हात थरथरत होता आणि दोऱ्याच्या टोकाला मीही थरथरत होतो. इतकी बारीक, जिवंत हालचाल माझ्याकडून कधीच कुणी करून घेतली नव्हती. एक क्रॅपी वर आला आणि त्याने मला तोंडात घेतलं.

बाबांनी सवयीने सणसणीत झटका दिला. माशाचा ओठ फाटला आणि मी रिकामाच हवेत उडालो.

"असं नाही बाबा! यांचं तोंड पातळ असतं. झटका नको, जस्ट उचला."

"मरळीले तं असाच मारा लागते न," बाबा पुटपुटले. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी काठी सुनेकडे दिली आणि हात पुन्हा मांडीखाली दाबला.

शेवटी त्यांनीच काठी मागितली. ऊन उतरायला लागलं होतं. पुन्हा ओढ लागली. बाबांनी दात आवळले, झटका आतल्या आत जिरवला आणि काठी नुसती उचलली. तळहाताएवढा, काळ्या ठिपक्यांचा क्रॅपी फळ्यांवर येऊन उड्या मारू लागला.

आता मला त्याच्या ओठातून काढायचं होतं. प्रणिताचा हात सवयीने पुढे आला. "राहू द्या, मी..."

बाबांनी नुसतं वर बघितलं. तिने दोन्ही हात मागे घेतले आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली.

बाबांची बोटं माझ्यावरून घसरली. मी दोनदा त्यांच्या अंगठ्यात रुतलो, रक्त आलं. तो ओठ पातळ कागदासारखा, जरा ओढला की फाटणार. रीमाने घरातून हाक मारली, फोन वाजला. प्रणिता उठली नाही. खूप वेळाने मी अलगद सुटलो. ओठ जागच्या जागी होता.

"निघाला," बाबा म्हणाले. त्यांनी मासा दोन्ही हातांनी धरून पाण्यात सोडला आणि रडले. प्रणिताही रडली.

मित्रांनो, मी थकलोय, मला काही नको. डब्यात परत टाका, न टाका. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाची बोटं कशाशी तरी झटताना दिसली, तर धावू नका, शेजारी बसा. उशीर होईल. होऊ दे.