दार ओढू नका

"परतीची तारीख भरल्याशिवाय हे पुढे जातच नाहीये," ती म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर नानांचा ऑफिसचा लॅपटॉप उघडा होता. नाना तिच्या शेजारी बसले होते. उजवा हात मांडीवर होता, दुसऱ्या कोणी आणून ठेवल्यासारखा. टेबलाच्या टोकाला अक्का मटार सोलत होत्या. धाकट्या भावाला झटका आला हे कळताच त्या दोन पिशव्या भरून आल्या होत्या आणि अजून त्यांनी परत जाण्याचे नाव काढले नव्हते.

"मग भर की. तारखांना काय तोटा आहे का?"

"कुठली भरू पण?"

"त्याला विचार. रजा त्याची."

तिने खुर्ची वळवली. "अहो, कामावर परत कधी येणार म्हणून लिहू?"

नानांनी ओठ जमवले. गळ्याची शीर ताठ झाली. बराच वेळ आत कुठेतरी शोधाशोध चालली आणि शेवटी जो शब्द रोज हाती लागत असे तोच बाहेर आला.

"उद्या."

"बघ! उद्या म्हणतोय," अक्का म्हणाल्या. "तुलाच मेलीला धीर नाही."

नाना लिफ्टच्या कंपनीत होते. फिटर म्हणून लागले आणि सेवाविभागाचे प्रमुख झाले, तरी शेवटपर्यंत खिशात पाना घेऊन फिरत. लिफ्टमध्ये शिरले की डोळे मिटून उभे राहत. दोन मजल्यांत सांगत, "दोराचं काही नाही, वरचं चाक बोलतंय." गिऱ्हाइकांचा फोन येवो की मेल, त्यांचे उत्तर ठरलेले असे: उद्या येतो. आणि ते जात. नानांचा उद्या म्हणजे खरोखरच उद्या, असे लोक म्हणत.

मग एका सकाळी बूट घालता घालता ते बसल्या जागी कलंडले. इस्पितळातून घरी आले तेव्हा त्यांच्याजवळ तेवढा एक शब्द उरला होता. पाणी हवे असले तरी उद्या, पाय दुखला तरी उद्या, रागावले तरी उद्या. बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्टने समजावून सांगितले होते, "आयुष्यभर तोंडात बसलेला शब्द कधीकधी वाचतो. तो आपोआप येतो. त्यांना तेच म्हणायचं असतं असं नाही." ती स्वतः रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होती, तिला ते लगेच समजले. अक्कांना समजले नाही, किंवा त्यांनी समजून घेतले नाही.

ऑफिसात हजेरी बघणाऱ्या बाईंचा फोन आदल्या दिवशी आला होता. "वहिनी, नानांच्या मेलवर ऑटो रिप्लाय लावून टाका, म्हणजे आलेल्या मेलला आपोआप उत्तर जाईल. गिऱ्हाइकं ओरडायला लागलीत. आणि तारीख घाला हां. तारीख असली की ती रजा. तारीख नसली की साहेब जागा भरणार. मी काय सांगतेय ते कळतंय ना?"

फोन स्पीकरवर होता. नानांनी सगळे ऐकले होते. त्यांना शब्द सापडत नसत, ऐकलेले मात्र बहुतेक कळे. आज सकाळी त्यांनी डाव्या हाताने कपाट ठोकून ठोकून तिच्याकडून कंपनीचा निळा शर्ट काढून घेतला होता. दाढी करून, तो शर्ट घालून ते टेबलाशी बसले होते.

यंत्राने दाखवल्याशिवाय तिने कधी आकडा लिहिला नव्हता. नमुना खराब असेल तर ती "नमुना पुन्हा पाठवा" असे लिहून मोकळी होई, मग मोठे डॉक्टर दारात उभे राहून कितीही कुरकुरोत. नानांच्या डॉक्टरांना तिने सरळ विचारले होते. ते म्हणाले होते, "सांगता येत नाही." हे उत्तर तिला पटले होते. पण पडद्यावरच्या चौकोनात ते मावत नव्हते. तिने रजा संपत होती तो दिवस भरला. चौकोन हिरवा झाला.

"आता मजकूर," ती म्हणाली आणि टाइप करता करता मोठ्याने वाचू लागली. "मी सध्या रजेवर आहे. अमुक तारखेला कामावर परत येईन. तातडीचं काम असल्यास…" इथे तिने नानांच्या हाताखालच्या इंजिनिअरचा नंबर घातला. तो सगळे धावतपळत करी म्हणून नानांनी त्याचे नाव एक्स्प्रेस ठेवले होते.

नानांनी टेबलावर हात आपटला. "उद्या!"

"काय झालं? त्याचा नंबर नको?"

"त्याला कुठे आवडतो तो," अक्का म्हणाल्या.

तिने एक्स्प्रेसचा नंबर काढून ऑफिसचा घातला. पुन्हा वाचले. पुन्हा हात आपटला, या वेळी मटाराचे भांडे उडाले. तिने ऑफिसचा नंबर काढला आणि एक्स्प्रेसचा परत घातला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तिच्या कामाचे वळण होते. तारीख बदलू? "उद्या." आजारपणाचं लिहू? "उद्या! उद्या!" खाली तुमचं पूर्ण नाव हवंय? त्यांचे डोळे भरून आले. ते डाव्या हाताची मूठ करून हवेत काहीतरी ओढत होते आणि मग तोच पंजा उघडून "नको, नको" करत होते. ओढायचे, नको. ओढायचे, नको.

"अहो, मला नाही कळत," ती म्हणाली. "खरंच नाही कळत हो."

अक्कांनी शेंग खाली ठेवली. "अगं, दाराचं! दाराचं लिही की. त्याचं ते पालुपद. माझी मुलं लहान असताना त्यांना नुसता उच्छाद दिला होता त्यानं. बाथरूमची कडी अडकली तरी हा बाहेरून ओरडायचा, दार ओढू नका, थांबा, माणूस निघालाय!"

नानांचा हात थांबला.

तिने लिहिले: लिफ्ट मधेच थांबली तर दार ओढू नका. थांबा. माणूस निघालाय.

नाना खुर्चीत मागे टेकले. शर्टाची कॉलर त्यांनी डाव्या हाताने सरळ केली.

लागले की नाही हे बघायला तिने आपल्या फोनवरून त्यांना एक मेल पाठवला. क्षणात उत्तर आले. तिने ते वाचून दाखवले. नानांनी बोटाने खूण केली, पुन्हा. तिने पुन्हा वाचले. मग त्यांनी आपला फोन मागून घेतला आणि स्वतःच्या घरच्या पत्त्यावरून ऑफिसच्या पत्त्यावर एक रिकामा मेल धाडला. फोन टिंग वाजला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. वाचता किती येत होते कोण जाणे. पण अख्ख्या वाक्यांचा तो मजकूर त्यांच्या नावाने आला होता, आणि ते त्याच्याकडे बघत राहिले.

दोन दिवसांनी एक्स्प्रेस भेटायला आला, हातात फळांची पिशवी.

"काय नाना! कसं काय! मजेत आराम चाललाय!" तो ओरडूनच बोलला.

"अरे, जीभ गेलीय त्याची, कान शाबूत आहेत," अक्का म्हणाल्या.

एक्स्प्रेस ओशाळला. मग हळूच फोन काढून म्हणाला, "नाना, एक ऐकता का? इस्पितळाची मोठी लिफ्ट. आवाज येतोय आणि मला काही सापडत नाहीये. दोर बघितले, चाक बघितलं, सगळं वंगण केलं."

त्याने आवाज लावला. घरघर, मधे एक बारीक खट्ट, पुन्हा घरघर. नानांनी डोळे मिटले. दुसऱ्या खट्टला त्यांचा चेहरा खुलला. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. त्यांना सापडले होते.

"उद्या," ते म्हणाले. मग बोट वर करून, "उद्या." मग बोट आडवे करून, दोन बोटे एकमेकांवर घासून, "उद्या, उद्या."

"वर? मोटर?"

"उद्या."

"बाजूची पट्टी? दाराचा रोलर?"

"उद्या! उद्या!"

तिने कागद पेन्सिल पुढे केली. डाव्या हाताने एक रेघ निघाली, तिच्या शेजारी दुसरी, मग दोन्ही एकमेकींत गुंतल्या आणि पेन्सिलीचे टोक मोडले. एक्स्प्रेसने तो कागद उभा धरला, आडवा धरला. "हां, हां, नाना. बघतो मी," तो म्हणाला. त्याला काही कळले नव्हते हे तिघांनाही दिसत होते.

नाना घामेजले होते. त्यांनी फोन उचलला, अंगठ्याने तो मेल काढला आणि एक्स्प्रेससमोर धरला. एक्स्प्रेसने वाचले. मी सध्या रजेवर आहे. कामावर परत येईन.

"या की नाना," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तुमच्याशिवाय आहे कोण."

त्यानंतर तो मेल हेच नानांचे बोलणे झाले. दूधवाल्याने "कसं आहे?" विचारले की फोन पुढे. थेरपिस्टने चित्र दाखवून "हे काय?" विचारले तरी फोन पुढे. पण जुना मेल त्यांना पुरत नसे. रोज सकाळी शर्ट घालून झाला की ते नवा रिकामा मेल पाठवत आणि टिंग वाजायची वाट बघत.

पण टिंग वाजत नव्हते. पहिल्या सकाळी तिला वाटले इंटरनेट गेले असेल. दुसऱ्या सकाळी त्यांनी मेल पाठवला, पुन्हा पाठवला आणि फोन हातात घेऊन, अंगठा काचेवर ठेवून बसून राहिले. चहा निवून गेला. तिने लॅपटॉप उघडून सगळी माहिती वाचली. एका पत्त्याला एकदाच उत्तर जाते, त्याच माणसाला पुन्हा पुन्हा त्रास नको म्हणून. ऑटो रिप्लाय बंद करून परत चालू केला की मात्र यंत्र विसरते की याला आपण आधी सांगितले आहे.

मग कामावर निघण्याआधी, चपला घालण्याच्या वेळी, ती लॅपटॉपवर उत्तर बंद करी आणि चालू करी. बाहेरच्या खोलीत टिंग वाजे. मग ती निघे.

"काय खुडबुड चालते रोज तुझी?" अक्का विचारत.

"ऑफिसचं आहे त्यांच्या."

रजा संपायच्या आदल्या संध्याकाळी हजेरीच्या बाईंचा फोन आला. ती तेव्हा प्रयोगशाळेत होती. तिने हातमोजे काढून फोन घेतला.

"वहिनी, साहेबांनी खूप थांबून बघितलं हो. पण इस्पितळवाल्यांनी फारच लावून धरलंय, काल पुन्हा बंद पडली ती लिफ्ट. नानांचं काम आजपासून एक्स्प्रेसकडे दिलंय. मेलही त्याच्याकडेच वळवलाय. नानांचं पुढे काय ते साहेब स्वतः येऊन बोलणारेत. रागावू नका हां माझ्यावर."

"नाही. तुमच्यावर कशाला."

"नानांना सांगाल ना तुम्ही?"

"सांगते."

घरी आली तेव्हा नाना अक्कांबरोबर पत्ते खेळत होते. "डाव्या हाताने पण लबाडी करतो बघ हा," अक्का म्हणाल्या आणि नाना हसले, तोंडाच्या एकाच बाजूने. तिने सांगितले नाही. जेवताना सांगू म्हणाली स्वतःशी, मग झोपताना.

सकाळी तिने चपला घालण्याआधी लॅपटॉप उघडला. पासवर्ड चुकीचा आहे, असे आले. तिने सावकाश, एकेक अक्षर बघून पुन्हा भरला. चुकीचा आहे.

बाहेरच्या खोलीत टिंग वाजले.

ती दारापर्यंत गेली. निळा शर्ट घालून नाना खिडकीशी बसले होते. त्यांनी फोन तिच्यापुढे धरला, वाच म्हणून.

आपला मेल मिळाला. यापुढे सेवाविभागाचे काम मी पाहत आहे. आपल्या तक्रारीकडे लवकरात लवकर लक्ष दिले जाईल. खाली एक्स्प्रेसचे नाव होते.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय म्हणतोय गं आज?"

तिने फोन दोन्ही हातांनी धरला.

"मी सध्या रजेवर आहे," तिने वाचले. "कामावर परत येईन. लिफ्ट मधेच थांबली तर दार ओढू नका. थांबा. माणूस निघालाय."

नानांनी मान डोलावली. फोन परत घेतला. मग त्यांनी अंगठा काचेवर ठेवला आणि मजकूर वर सरकवला, रोज शेवटची ओळ जिथे असे तिथपर्यंत. मजकूर तेवढा लांब नव्हता. तो वर गेला आणि परत खाली आला. त्यांनी पुन्हा सरकवला. पुन्हा परत आला.

त्यांनी फोन खिडकीच्या कठड्यावर पालथा ठेवला.

नानांनी डावा हात लांब करून तिच्या मनगटावर ठेवला आणि दोनदा थोपटले. मग ते म्हणाले, शांतपणे, न अडखळता, फोनवर घाबऱ्याघुबऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायचे अगदी त्याच आवाजात:

"उद्या."